समुद्राचा नकाशा कोणीं काढावा ?

पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारें ७१ टक्के भाग समुद्रानें व्यापलेला आहे, हें वाक्य भूगोलाच्या पहिल्या धड्यांपासून आपणां सर्वांस पाठ आहे. परंतु त्या ७१ टक्क्यांची आपणांस कितपत ओळख आहे, असें वर्गांत विचारलें असतां सहसा कोणी उत्तर देत नाहीं. सर्व महासागरांच्या तळाचा एक नकाशा सिद्ध करण्याचें काम मोनाकोचे राजे पहिले आल्बर्ट यांच्या आश्रयानें १९०३ सालीं सुरू झालें. पुढें शंभराहून अधिक वर्षें लोटल्यावर, २०१७ सालीं, तें काम २०३० पर्यंत पुरें करावयाचें असा निश्चय झाला. आणि तरीही आजमितीस समुद्रतळाचा चतुर्थांशाहून थोडा अधिक भागच काय तो प्रत्यक्ष मोजला गेला आहे. दूरच्या चंद्राचे नकाशे जवळच्या समुद्रतळाच्या नकाशांहून अधिक बारकाईचे असावेत, ही मनुष्याच्या ज्ञानांतील एक चमत्कारिक विसंगति होय.

खोल समुद्राची गोष्ट राहूं द्या. किनारा तरी आपणांस ठाऊक आहे काय ? भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६.६ किलोमीटर, असें आम्ही शिकलों आणि तेंच पुढें शिकवीत आलों. अलीकडे सरकारनें नवी मोजणी प्रसिद्ध केली, तींत ही लांबी ११,०९८.८१ किलोमीटर भरली. समुद्रानें आपणांस जमीन दान दिली नाहीं. मोजपट्टी मात्र बारीक झाली. पूर्वीचें माप स्थूल नकाशावरून घेतलेलें होतें, त्यांत लहानसहान खाड्या व वळणें यांना सरळ रेघ मारली गेली होती. मोजणारा जितका जवळ जातो तितका किनारा वाढत जातो. आतां किनाऱ्याच्या सर्वांत जवळ कोण आहे, तर त्यावर राहणारा, त्यावर पोट भरणारा व त्यावर प्रेम करणारा मनुष्य. म्हणून समुद्राचा नकाशा काढण्याच्या कामांत या मनुष्याचा हात असलाच पाहिजे, असें माझें मत आहे. व त्या मताचीं कारणें येथें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

अनेकांच्या हातांनीं एक नकाशा काढण्याची कल्पना आजची नव्हे. अमेरिकेच्या नौदलांतील मॅथ्यू फाँटेन मॉरी हा अधिकारी १८३९ सालीं गाडीच्या अपघातांत पायानें अधू झाला. जहाजावरील नोकरी संपली. तेव्हां १८४२ सालीं नकाशे व उपकरणें सांभाळण्याच्या वॉशिंग्टन येथील कचेरीवर त्याची नेमणूक झाली. तेथें जुन्या जहाजांच्या रोजनिशांचे ढीग धूळ खात पडले होते. कोणत्या दिवशीं, कोणत्या ठिकाणीं, वारा कोणत्या दिशेचा व प्रवाह कसा होता, हें त्यांत लिहिलेलें होतें. इतरांस जी रद्दी वाटली ती या अधू मनुष्यानें बसून वाचली, एकत्र मांडली आणि १८४७ सालीं उत्तर अटलांटिकच्या वाऱ्यांचा व प्रवाहांचा पहिला नकाशा छापला. पुढें त्यानें जें केलें तें अधिक महत्त्वाचें आहे. जो कप्तान आपल्या प्रवासाची नोंद ठरीव नमुन्यांत भरून पाठवील त्यास नकाशा फुकट, असा त्यानें सौदा केला. पाहतां पाहतां हजारो खलाशी त्याचे सहकारी झाले, आणि शिडाच्या जहाजांच्या लांब प्रवासांतील कित्येक दिवस वांचूं लागले. १८५३ सालीं ब्रसेल्स येथें निरनिराळ्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींनीं एकत्र जमून एकाच नमुन्यानें नोंदी ठेवण्याचें मान्य केलें. या हकीकतीचें तात्पर्य असें कीं, प्रत्येकानें थोडें द्यावें व प्रत्येकास सर्व मिळावें, हा व्यवहार सचोटीनें चालविल्यास तो तोट्याचा होत नाहीं.

आज रोजनिशीचें काम खिशांतील दूरध्वनि करूं शकतो. आपण कोठें उभे आहों हें तो काहीं हातांच्या फरकानें सांगतो, समोरच्या वस्तूचें छायाचित्र घेतो आणि आंतरजालावरून तें क्षणांत दूर पोहोंचवितो. २००४ सालीं इंग्लंडांत स्टीव्ह कोस्ट या तरुणानें ‘ओपन स्ट्रीट मॅप’ हा सर्वांनीं मिळून काढावयाचा नकाशा सुरू केला. २०१० च्या जानेवारींत हैती देशांत भूकंप झाला, तेव्हां जगभरच्या स्वयंसेवकांनीं घरीं बसून थोड्या दिवसांत तेथील राजधानीचे रस्ते नकाशावर काढून दिले व मदत करणाऱ्या पथकांस त्यांचा उपयोग झाला. त्याच धर्तीवर २००९ पासून ‘ओपन सी मॅप’ हा समुद्राचा नकाशा वाढत आहे. त्यांत दीपगृहें, बोयी व बंदरें हौशी लोक नोंदवितात. मुंबईंत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नांवानें कांहीं समुद्रप्रेमी मंडळी ओहोटीच्या वेळीं नागरिकांस खडकाळ किनाऱ्यांवर नेऊन तेथील जीव दाखवितात व त्यांच्या नोंदी ठेवितात. ज्या किनाऱ्यास लोक घाण म्हणून नाक मुरडीत होते, तेथेंच प्रवाळ, समुद्रफुलें व अष्टपाद प्राणी नांदतात, हें अशा नोंदींमुळें सामान्य मनुष्यास कळूं लागलें.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती नोंद अद्याप कोणत्याही कागदावर उतरलेली नाहीं. ती आमच्या कोळी व भंडारी बांधवांच्या स्मरणांत आहे. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ मिळते, हा हिशेब निरक्षर तांडेलही तोंडानें करतो. चतुर्थीस तीन वाजतां व अष्टमीस सहा वाजतां पूर्ण भरती, हें स्थूलमानानें आमच्या किनाऱ्यास बरोबर लागू पडतें. मतलई वारा केव्हां सुटेल, उधाणांत कोणत्या खाडीचें तोंड टाळावें, डोंगराचें टोंक व देवळाचा कळस एका रेषेंत आले म्हणजे पाण्याखालीं कोणता खडक असतो, या सर्व गोष्टींना त्यांच्यापाशीं नांवें व खुणा आहेत. हा नकाशा कागदाचा नसून मनुष्याचा आहे. आणि मनुष्य मर्त्य आहे. मुलगा नोकरीसाठीं शहरांत गेला आणि आजा निवर्तला, म्हणजे पांच पिढ्यांनीं जमविलेलें एक पुस्तक न वाचतांच जळालें असें समजावें.

शिवाय जें नकाशावर नाहीं तें जगांतही नाहीं, असें मानण्याची कचेऱ्यांस संवय असते. मुंबईच्या किनारी रस्त्याचें काम चाललें असतां वरळीच्या कोळ्यांनीं सांगितलें कीं, पुलाच्या खांबांमधील ६० मीटरांचें अंतर आमच्या होड्यांस पुरणार नाहीं. वारा व लाटा असतां होडी खांबावर आदळेल. तें म्हणणें मान्य होण्यास दीर्घ काळ झगडावें लागलें, व अखेर २०२२ सालीं तें अंतर १२० मीटर करण्याचें ठरलें. होड्यांची ये-जा कोणत्या वाटेनें होते हें आरंभींच सर्वमान्य नकाशावर उमटलेलें असतें, तर हा झगडा पुष्कळ सोपा झाला असता. दुर्बळाच्या हातीं नकाशा असणें म्हणजे त्याच्या तोंडी साक्षीस लेखी पुरावा मिळणें होय.

आतां या मताविरुद्ध दोन आक्षेप येतात, व दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा कीं, नौकानयनाचे नकाशे काढण्यास डेहराडून येथें नौदलाची जलमापन कचेरी आहे; हौशी लोकांनीं चुकीची खोली लिहिली तर जहाज बुडेल. हें खरें आहे. म्हणून असा नकाशा जहाज हांकण्यासाठीं वापरावयाचा नाहीं, हें त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलें पाहिजे. किनाऱ्याचीं नांवें, जीव, जुन्या वाटा, धूप व घाण यांची नोंद हें त्याचें क्षेत्र. तेथें सरकारी कचेरीस पोहोंचण्यास सवड नसते, आणि तेथील चूक शेजाऱ्यानें दुरुस्त करतां येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक गोष्ट जगजाहीर करणें हें कल्याणाचेंच असतें काय ? २०१८ च्या आरंभीं, धांवणाऱ्या व्यायामपटूंच्या वाटा दाखविणाऱ्या एका नकाशावरून कित्येक लष्करी तळांचा ठावठिकाणा उघड झाला. तेथें कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. केवळ विचार कमी पडला. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत वेळास येथें समुद्रकासवांच्या अंड्यांची पूर्वीं चोरी होत असे. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्ग मित्र’ या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साहाय्यानें तीं राखलीं. प्रत्येक घरट्याची जागा कोणी उत्साहानें नकाशावर टांकली, तर चोरास वाटाड्या मिळेल. तसेंच तांडेलानें विश्वासानें सांगितलेली मासळीची जागा जाहीर झाली, तर दुसऱ्या आठवड्यांत मोठ्या यांत्रिक नौका येऊन ती रिकामी करतील, आणि ज्यानें ज्ञान दिलें तोच उपाशी राहील. यास मी परोपकार म्हणणार नाहीं.

तथापि शस्त्रास धार आहे म्हणून वैद्य तें टाकून देत नाहीं. तो तें धरण्याची रीत शिकतो. येथेंही तीन नियम पाळल्यास पुरे, असें मला वाटतें. पहिला नियम सत्याचा : जें स्वतः पाहिलें तेंच लिहावें, दिवस, वेळ व तिथि लिहावी, आणि ऐकीव गोष्ट असल्यास ती ऐकीव म्हणूनच नोंदावी. दुसरा नियम संयमाचा : दुर्मिळ जीवांचें व मासेमारीचें नेमकें स्थान झांकून ठेवावें. ‘आय-नॅचरलिस्ट’ या जीवनोंदणीच्या उपक्रमांत संकटांत असलेल्या जातींचें स्थान मुद्दाम अंधुक करून दाखवितात. तेंच धोरण येथें असावें. तिसरा नियम न्यायाचा : ज्याच्याकडून ज्ञान मिळालें त्याची संमति घ्यावी, त्याची इच्छा असल्यास त्याच्या गांवाचा उल्लेख करावा, आणि तयार झालेला नकाशा कोणा एका व्यापाऱ्याच्या कुलुपांत न जातां सर्वांचा राहील अशी व्यवस्था करावी. हा तिसरा नियम मोडला कीं मंडळी विखुरते, आणि मग उत्तम यंत्रेंही कोऱ्या पाटीसारखीं राहतात.

आमच्या शाळेंत किनाऱ्यावरील गांवांहून येणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांस माझी सूचना अशी कीं, येत्या दिवाळीच्या सुटींत प्रत्येकानें एक वही घ्यावी व आपल्या आजोबा-आजींच्या पायांशीं बसावें. गांवच्या किनाऱ्यावरील प्रत्येक खडकाचें, वळणाचें व विहिरीचें नांव विचारून घ्यावें. पूर्वीं पाणी कोठवर येत असे व आतां कोठवर येतें, कोणता मासा दिसेनासा झाला, कोणती वाट बुजली, हें लिहून आणावें. ज्यांचें घर समुद्रापासून दूर आहे त्यांनीं अक्षर शुद्ध करण्याचें, नोंदी ताडून पाहण्याचें व त्या नकाशावर चढविण्याचें काम करावें. गणित, भूगोल, जीवशास्त्र व मातृभाषा या चारही विषयांचा अभ्यास या एका वहींत होईल. त्याहून मोठा लाभ असा कीं, ज्या वृद्धांस आजवर कोणी शहाणे म्हटलें नाहीं, त्यांच्यापुढें शिकलेलीं मुलें शिष्य होऊन बसतील.

समुद्रावर प्रेम आहे असें पुष्कळ लोक म्हणतात, आणि सूर्यास्त पाहून घरीं जातात. खरें प्रेम ओळख करून घेतें, नांवानें हांक मारतें आणि संकटांत साक्ष देतें. त्या साक्षीची तयारी आज वही-पेन्सिलीनें सुरू करतां येईल. विलंब मात्र करूं नये. कारण ज्यांना विचारावयाचें ते आजोबा आपल्या सवडीसाठीं थांबून राहतील, असा भरंवसा कोणीं द्यावा?