पुरस्कार विकत घेण्याआधी हे एकदा वाचा



मागच्या आठवड्यात मुलुंडच्या एका ताईंचा फोन आला. घरगुती मसाले, भाजणी, मेतकूट असा त्यांचा व्यवसाय आहे. तीन वर्षं नेटाने चालवतायत. आवाजात आनंद होता. "सर, मला बेस्ट वुमन आंत्रप्रेन्योरचा अवॉर्ड मिळतोय! अंधेरीच्या हॉटेलात कार्यक्रम आहे, टीव्हीवरचे कलाकार येणार आहेत."

मी अभिनंदन केलं आणि विचारलं, "फी किती आहे?"

दोन सेकंद शांतता. मग म्हणाल्या, "एकवीस हजार. अधिक जीएसटी."

असे फोन तुमच्यापैकी कित्येकांना आले असतील. "तुमची निवड झाली आहे" असं सांगतात. कोणी निवडलं, कशावरून निवडलं, आणखी कोण स्पर्धेत होतं, यावर उत्तर नसतं. ट्रॉफी, सर्टिफिकेट आणि कलाकारासोबत एक फोटो, असं ते पॅकेज असतं. माझं मत सरळ आहे. हा पुरस्कार नाही, ही खरेदी आहे. आणि खरेदी म्हणून बघितली तर महागडी आहे.

त्या ताईंना मी एक गोष्ट सांगितली. आपल्याच मुंबईतली, वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेल्या एका मुलाची.

साल 1987. सचिन तेंडुलकर तेव्हा 14 वर्षांचा होता. शालेय क्रिकेटमध्ये त्याचं नाव गाजायला लागलं होतं. त्या वर्षी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचा सर्वोत्तम ज्युनियर क्रिकेटपटूचा पुरस्कार त्याला मिळेल असं वाटत होतं. मिळाला नाही. पोरगं नाराज झालं. त्या वयात कोण होणार नाही?

मग त्याला एक पत्र आलं. लिहिणारे होते सुनील गावस्कर. त्याच वर्षी मार्चमध्ये गावस्करांनी कसोटीत 10,000 धावांचा टप्पा ओलांडला होता. जगात तिथे पोचलेले ते पहिले. पत्राचा सूर असा होता की, पुरस्कार मिळाला नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. आजवर हा पुरस्कार मिळालेल्यांची यादी बघ, त्यात एक नाव सापडणार नाही, आणि त्या माणसाचं कसोटी क्रिकेटमध्ये फार काही वाईट झालेलं नाही. ते नाव कुणाचं, हे सांगायची गरज नव्हती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी तारखा बघा. फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शील्डमध्ये विनोद कांबळीबरोबर 664 धावांची अभेद्य भागीदारी, त्यात सचिनच्या नाबाद 326. डिसेंबर 1988 मध्ये रणजी पदार्पणात शतक. नोव्हेंबर 1989 मध्ये कराचीत पहिली कसोटी. आणि डिसेंबर 2005 मध्ये दिल्लीत 35 वं कसोटी शतक. त्या दिवशी मागे पडला तो 34 शतकांचा विक्रम पत्र लिहिणाऱ्या गावस्करांचाच होता.

आता नीट लक्ष द्या. पुरस्कार नाही मिळाला म्हणून सचिन मोठा झाला, असं मी म्हणत नाही. तो रोज नेटमध्ये जात होता म्हणून झाला. पुरस्कार मिळाला असता तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच जावं लागलं असतं.

आणि त्याच्याकडे बक्षिसं नव्हती असंही नाही. आचरेकर सर सरावाच्या शेवटी स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो गोलंदाज सचिनला बाद करेल, नाणं त्याचं. कुणालाच जमलं नाही, तर सचिनचं. अशी 13 नाणी त्याने जपून ठेवली आहेत. किंमत किती? 13 रुपये! पण नियम आधी ठरलेला, स्पर्धा समोरासमोर, निकाल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि एक रुपया देणारे आचरेकर सर होते, घेणारा खेळाडू. पैसा कुठून कुठे जातोय हे बघितलं की पुरस्कार खरा की खोटा ते लगेच कळतं.

तुम्ही म्हणाल, "सर, भिंतीवर ट्रॉफी असली की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो." थोडाफार बसतोही, मी नाकारत नाही. पण पहिल्या खरेदीपुरता. भाजणी कडवट लागली तर ट्रॉफी बघून कोणी दुसरं पाकीट नेत नाही. आणि कर्जाला गेलात तर बँकवाले खात्याचं स्टेटमेंट मागतात, ट्रॉफीचा फोटो नाही.

मग फोन आला तर काय करायचं? तीन प्रश्न विचारा. निवड कोणी केली, त्यांची नावं सांगा. माझी तुलना कोणाशी आणि कशावर झाली? मी एक पैसा दिला नाही तर पुरस्कार मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला, की नम्रपणे फोन ठेवा. खरे पुरस्कारही असतात. तिथे जरूर अर्ज करा, मिळाला तर मिरवा. नाही मिळाला तर त्या रात्री वाईट वाटू द्या, सकाळी उठून कामाला लागा.

ताईंबरोबर मी हिशेब मांडला. किलोमागे त्यांना 70 रुपये सुटतात. म्हणजे 21,000 भरायला 300 किलो भाजणी विकायची. "सर, 300 किलो म्हणजे माझे चार महिने हो," त्या म्हणाल्या. आणि गप्प झाल्या.

मग मी विचारलं, या महिन्यात किती जणांनी दुसऱ्यांदा ऑर्डर दिली? त्यांना सांगता येईना. वही काढून मोजलं तर 19 घरं निघाली. एका आजींनी तर मेसेज केला होता, "भाजणी माझ्या सासूबाईंच्या हातची वाटली. अजून दोन किलो पाठव गं."

तुमच्या मोबाइलमध्येही असे मेसेज असतील. मुंबईत चांगली भाजणी काय असते हे त्या आजींना कळतं, आणि त्यांनी स्वतःचे पैसे देऊन मत दिलंय. आज रात्री काम आवरलं की वही उघडा आणि परत आलेली गिऱ्हाइकं मोजा. पुढच्या महिन्यात तो आकडा एकाने तरी वाढला पाहिजे.

ताईंनी अंधेरीला नाही कळवलं. त्या पैशांतून पाकीट सील करायचं मशीन घेतायत.