सक्त विश्रांती

कंबरेत उसण भरली की कामगार दवाखान्यात जातो आणि चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो: वेदनाशामक गोळ्या, कंबरेचा पट्टा, ‘सात दिवस सक्त विश्रांती’. गोळ्या ठीक. पट्ट्याबद्दल काय बोलावे, हौसेला मोल नाही. पण साध्या कंबरदुखीत अंथरूण धरून काही हाती लागत नाही, हे अमेरिकेतल्या एका चाचणीने 1986 सालीच दाखवले होते. सात दिवस झोपून राहायला सांगितलेल्यांपेक्षा दोनच दिवस सांगितलेल्यांचे कामाचे खाडे 45 टक्क्यांनी कमी भरले. बरे होण्यात फरक नव्हता. चिठ्ठी मात्र तीच राहिली.

त्यात एमआरआय निघाला आणि ‘गादी सरकलीय’ एवढे कानावर पडले, की धडधाकट माणूस वाकायलाच घाबरतो. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या तरुणांतही 37 टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात, हे त्याला कुणी सांगत नाही. सांगायला पाच मिनिटे पुरतात. झोपून राहू नका, चालत राहा. शेक घ्या. उठताना कुशीवर वळून, हातावर भार देऊन उठा. दुखले म्हणजे आत काही मोडले असे नाही. पण पायातली ताकद गेली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ओपीडीच्या रांगेत ही पाच मिनिटे सापडत नाहीत. फार तर व्यायामाचा एक कागद मिळतो, बहुधा इंग्रजी, आणि त्यावर गुबगुबीत पलंगावर पाय उचलून पडलेला कुणी गोरा गृहस्थ.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 1997 पासून हेच टीव्हीवरून सांगितले. खर्च कामगार-भरपाई मंडळाचा. लोकांचा समज बदलला, डॉक्टरांचाही बदलला, आणि पाठदुखीचे दावे घटले.

मग आपणही जाहिराती कराव्यात? जरूर कराव्यात. पण तिथल्या मालकाला जखमी कामगारासाठी झेपेल असे काम शोधावे लागते. आपल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत कामावरच्या दुखापतीला मजुरीच्या 90 टक्के रक्कम मिळते, ही चांगलीच तरतूद. मात्र ज्या दिवशी काम करून मजुरी घेतली, त्या दिवसाची भरपाई बंद. म्हणजे डॉक्टरने ‘हळूहळू सुरू करा’ म्हणायचे आणि नियमाने म्हणायचे, घरी बस नाहीतर पुरता कामाला लाग. अनफिट किंवा फिट. अधलीमधली पायरीच नाही. काल अनफिट असलेला आज थेट 50 किलोच्या पोत्याखाली. माथाडींच्या टोळीत कमाई वाटून घ्यायची असते; तिथे अर्धे ओझे उचलणाऱ्याला बाकीच्यांकडे बघून रोज ओशाळे व्हावे लागते, म्हणून तो गोळी खाऊन पूर्णच उचलतो.

‘गुडघ्यात वाकून उचला’ अशी पोस्टरे कारखान्यांच्या भिंतींवर कमी नाहीत. त्याखालीच माल जमिनीवर रचलेला असतो. तो कमरेच्या उंचीवर ठेवायला एक स्टँड लागतो, आणि त्याची मागणी साहेबांच्या टेबलावर पडून असते. अशा ठिकाणी कामगाराला शहाणे करणे म्हणजे उद्या दुखले तर ‘सांगितले होते ना’ म्हणायची सोय. शिकवायचेच तर पहिला वर्ग सुपरवायझर आणि मुकादमांचा घ्या. आणि अर्धा दिवस काम केलेल्याला उरलेल्या अर्ध्या दिवसाची भरपाई मिळेल, एवढी दुरुस्ती नियमात करा. मग त्या चिठ्ठीवर ‘आठवडाभर हलके काम’ लिहिण्यात काही अर्थ राहील.