झिरो रीडिंग आणि हिरवी काच

सुरुवातीलाच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. ‘अल्गी’ हा शब्द मला पाचवीपासून पाठ होता. त्यालाच आजी ‘शेवाळं’ म्हणते आणि मोरीच्या दगडावर पाय घसरतो तो यामुळेच, हे मला बरंच उशिरा कळलं! असो.

मुद्दा असा आहे की आपण, म्हणजे इंजिनियर होऊ घातलेली मंडळी, हिरवं पाणी दिसलं की पहिला प्रश्न चुकीचा विचारतो. ‘याच्यावर औषध काय?’ मला वाटतं की शेवाळ हा आजारच नाही. तो रिपोर्ट आहे. लॅबचा रिपोर्ट वाईट आला म्हणून कोणी कागद फाडून टाकत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र घरातल्या टाकीपासून रंकाळ्यापर्यंत आपण नेमकं तेच करत आलोय.

शिरोली एमआयडीसीत माझ्या काकांचं मशीन शॉप आहे. तिथल्या केबिनमध्ये त्यांनी समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवलीय. तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, म्हणजे साधारण १९० लिटर. खारं पाणी, कोरडे दगड, दोन क्लाउनफिश आणि थोडे मऊ प्रवाळ. (दगडी प्रवाळांचा विषयच नको. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे ज्या यादीत वाघ, त्याच यादीत. ज्यांना बघायचेत त्यांनी मालवण गाठावं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात ते आहेत आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. घरात आणायचा हट्ट कशाला?)

तर या टाकीला केसासारखं हिरवं शेवाळ धरलं. आधी दगडांवर, मग पंपावर, मग काचेवर. दुकानदाराने एक बाटली दिली. शेवाळ मेलं, पाणी गढूळ झालं, दोन आठवड्यांनी शेवाळ परत हजर. मग दुसरी बाटली. त्यानंतर वाळूवर लालसर चिकट थर आला. हे खरं तर शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात. त्यावर उपाय म्हणून कोणीतरी मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून टाकायला सांगितलं. काकांनी टाकल्या नाहीत हे नशीब! माणसांची औषधं फिशटँकमध्ये ओतायची आणि तेच पाणी गटारात सोडायचं, याला मी तरी उपाय म्हणणार नाही.

काका मला म्हणाले, “इंजिनियरिंगला हाईस नव्हं? मग सांग की काय झालंय ते!”

आता खरी गंमत पुढे आहे. टेस्ट किटने फॉस्फेट बघितलं तर झिरो. दुकानदार म्हणाला, बघा, पाणी एकदम क्लीन आहे. पाण्यात फॉस्फेट नाही आणि काचेवर मात्र कुरण! हे कसं काय? उत्तर सोपं आहे. फॉस्फेट पाण्यात नव्हतं कारण ते शेवाळाने खाल्लेलं होतं. मेसमधलं पातेलं रिकामं दिसलं म्हणजे त्या दिवशी स्वयंपाकच झाला नाही, असं आपण म्हणतो का? किट फक्त पातेल्यात उरलेलं मोजतं. आत किती आलं, ते मोजत नाही.

हिशेब बघा. १९३४ साली रेडफिल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमधलं एक प्रमाण मांडलं. आज ते १०६ कार्बनला १६ नायट्रोजन आणि १ फॉस्फरस असं सांगतात. हे अणूंचं प्रमाण आहे, वजनात आणलं तर १ ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे ४१ ग्रॅम कार्बनइतका जीव उभा राहू शकतो. कार्बन हवेतून मिळतो, नायट्रोजनही काही सायनोबॅक्टेरिया हवेतून घेतात. फॉस्फरस मात्र बाहेरूनच यावा लागतो. १९७३ मध्ये कॅनडातल्या ‘लेक २२६’ या तळ्यात मधोमध पडदा लावून प्रयोग केला होता. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्या बाजूला तेच अधिक फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली. विमानातून काढलेला तो फोटो बघितला की लांबलचक थिअरीची गरज उरत नाही.

मग काकांच्या टाकीत फॉस्फरस येत कुठून होता? मी आधी पाण्यावर संशय घेतला. समुद्राच्या टाकीसाठी आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन लावलेलं पाणी वापरतात, टीडीएस शून्य. (टीडीएसच्या पेनवर आपल्या हॉस्टेलमध्ये सगळ्यांची फार श्रद्धा आहे. पण ते पेन पाण्यात ‘किती’ विरघळलंय याचा अंदाज देतं, ‘काय’ विरघळलंय ते सांगत नाही. रेझिन संपत आलं की आधी सिलिका निसटते आणि ती या पेनला जवळजवळ दिसतच नाही.) रेझिन नवीन होतं. दिवे आठ तासच चालू. फेस काढणारा स्किमरही नीट चालत होता.

कोडं सोडवलं शॉपमधल्या एका मोल्डर मामांनी. ते चहा घेऊन आले, टाकीकडे बघितलं आणि म्हणाले, “ताई, मासं दोन आणि खायला घालणारी आठ. दुसरं काय हुणार?”

खरंच की! सकाळी काका घालायचे, दुपारी अकाउंटंट, रात्रपाळीला वॉचमन. कस्टमरची मुलं आली की डबा त्यांच्या हातात. माशांचं खाणं म्हणजे प्रोटीन आणि फॉस्फरस. प्रोटीनचा अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. फॉस्फेट तिथेच राहतं आणि दगडांतल्या कॅल्शियम कार्बोनेटला चिकटून बसतं. जगातलं कुठलंही किट इनपुट दाखवत नाही, मामांनी मात्र नुसत्या डोळ्यांनी इनपुट मोजलं होतं. तीन सेमिस्टर ‘मास बॅलन्स’ शिकून मला जे सुचलं नाही ते त्यांना चहाच्या एका फेरीत दिसलं, याचं मला वाईट नाही, उलट लय भारी वाटलं.

मग पाणी बदलून का भागत नव्हतं, तेही कागदावर मांडलं. समजा आठवड्याला ५ पीपीएम नायट्रेट वाढतंय आणि तुम्ही दर रविवारी २० टक्के पाणी बदलताय. ५ भागिले ०.२, उत्तर २५. म्हणजे रविवारी बदलण्याआधी नायट्रेट २५ वर येऊन थांबणार आणि बदलल्यावर २०. दहा वर्षं बदला, याखाली जाणार नाही. खाली आणायचं तर ते ५ कमी करायला हवेत. डब्याला कुलूप लागलं, दिवसातून एकदा चिमूटभर खाणं. शेवाळ हाताने उपटून बाहेर काढायचं, कारण ते उपटताना त्याने खाल्लेला फॉस्फरसही बाहेर येतो. मारून आत ठेवलं तर कुजून तो परत पाण्यात. गोगलगायी चांगल्या, पण त्या खातात आणि तिथेच विष्ठा टाकतात, म्हणजे फॉस्फरस घरातच फिरत राहतो. शिवाय फेरिक हायड्रॉक्साइडचे दाणे मिळतात, ते फॉस्फेट धरून ठेवतात. ही गंजाचीच भावकी! शिरोलीत गंज म्हणजे शिवी, इथे तो कामाला आला. (म्हणून शॉपमधला लोखंडाचा बुरा आणून टाकू नका. त्यात कटिंग ऑइल असतं, तांबं असतं, आणि तांबं प्रवाळांना विषच.)

फरक दिसायला दोन महिने लागले. दगडांत मुरलेलं फॉस्फेट हळूहळू सुटत राहतं, त्यामुळे इनपुट बंद केल्याबरोबर काच चकाचक होत नाही. नेमकं इथेच लोकांचा धीर सुटतो आणि नवीन बाटली येते. आणि हो, एकदम शून्याच्या मागेही लागू नये. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही पार संपवलं तर डायनोफ्लॅजलेट नावाचा तपकिरी चिकट प्रकार माजतो, तो हिरव्यापेक्षा चिवट. प्रवाळांनाही थोडं खायला लागतंच.

हे सगळं मी टाकीसाठी लिहीत असते तर हॉबी कॉर्नरमध्ये छापलं असतं. पण दर वेळी रंकाळ्यावर भेळ खाताना मला ती टाकीच दिसते. आपल्या कोल्हापूरचा रंकाळा, शालिनी पॅलेस, संध्यामठ, सगळं कॅलेंडरवर छान दिसतं. पण याच तलावाला केंदाळाने झाकलेलं लोकांनी पाहिलंय, आणि २०१२ च्या सुमारास मायक्रोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाने पाणी रंगासारखं हिरवं झालेलं पाहिलंय. आजूबाजूच्या वस्त्यांचं सांडपाणी नाल्यांतून आत येत होतं. म्हणजे मासे दोन आणि खायला घालणारे हजारो! अशा वेळी केंदाळ काढणं चांगलंच, पण काढून काठावर ढीग घातला तर पावसात त्याचा रस परत पाण्यात. आणि मायक्रोसिस्टिसला औषध मारलं तर त्याच्या पेशी फुटून आतलं विष पाण्यात उतरू शकतं, कुजताना ऑक्सिजन संपतो, मासे मरतात, आणि फॉस्फरस आहे तिथेच. कोल्हापूरने गणपतीत निर्माल्य दान, मूर्तिदान सुरू केलं, विसर्जन इराणी खणीकडे वळवलं, हे मला कुठल्याही पावडर-फवारणीपेक्षा शास्त्रीय वाटतं. ते सरळ इनपुटवर काम आहे.

पंचगंगेचं दुखणं आणखी मोठं. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसं दगावली. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच ही बातमी आता आपण पान उलटताना वाचतो. कसबा बावड्याला सांडपाण्याचा ७६ एमएलडीचा प्लांट आहे, तो हवाच. पण बीओडी कमी झाला म्हणजे फॉस्फरसही गेला असं समजू नये, ती वेगळी प्रक्रिया लागते. आणि तोपर्यंत आपण काय केलं? २०२३ च्या दिवाळीत कोल्हापूरला थेट काळम्मावाडी धरणातून पाइपलाइनने पाणी आलं. शहराला आनंद झाला, मलाही झाला. इचलकरंजीने आधी वारणेकडे हात पसरला, मग दूधगंगेकडे, आणि दोन्हीकडे त्या काठच्या गावांनी विरोध केला. त्यांचं तरी काय चुकलं? आपली टाकी घाण झाली म्हणून शेजाऱ्याच्या टाकीत पाइप घालायचा, याला ट्रबलशूटिंग म्हणत नाहीत. पाइपलाइन गरजेची असेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्या दिवशी शहर नदीचं पाणी पिणं बंद करतं, त्या दिवसापासून नदीबद्दल ओरडणारे कमी होतात, ही मला भीती वाटते. खाली नृसिंहवाडीपर्यंतची गावं तेच पाणी वापरतात.

काही जण म्हणतील, तू बीईची पोरगी, महापालिकेला काय शिकवतेस? नाही शिकवत. मी फक्त एवढंच म्हणते की आपल्याकडे मोजायची साधनं पडून आहेत. फॉस्फेट मोजायची मॉलिब्डेनम ब्लू ही पद्धत काही रॉकेट सायन्स नाही. नमुन्यात अभिकारक घालायचा, निळा रंग येतो, तो कलरिमीटरवर वाचायचा. आपल्या केमिस्ट्री लॅबमध्ये कलरिमीटर आहे, फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलनंतर त्याला कोणी हात लावत नाही. फायनल इयरला दरवर्षी तेच लाइन फॉलोअर रोबो बनतात, काळ्या पट्टीवरून आज्ञाधारकपणे जातात आणि व्हायवानंतर कपाटात. त्यातल्या एका ग्रुपने वर्षभर महिन्यातून एकदा रंकाळ्यात येणारं पाणी आणि राजाराम बंधाऱ्याचं पाणी तपासलं तर? साठलेल्या पाण्याचं नाही, येणाऱ्या पाण्याचं. प्रवाहही मोजायचा, म्हणजे दिवसाला किती किलो फॉस्फरस आत जातो हे निघेल. सरांनी शनिवारी दुपारी लॅब उघडी ठेवायला परवानगी द्यावी. चौघीजणी तयार आहोत, बाटल्याही धुऊन ठेवल्यात. (फॉस्फेट असलेल्या साबणाने नाही!)

आणि रेक्टर मॅडमना एक विनंती. लेडीज हॉस्टेलच्या गच्चीवरच्या दोन नंबरच्या टाकीला झाकण नाही. आत भिंतीला हिरवं धरलंय. तिथे औषध टाकायचं ठरतंय असं ऐकलं. मॅडम, तिथे फॉस्फेटचा हिशेब नको, कलरिमीटरही नको. ऊन आत गेलं नाही तर शेवाळ वाढणार नाही. टाकी एकदा घासून घ्यायची आणि काळं, घट्ट बसणारं झाकण लावायचं. माप मी घेऊन ठेवलंय, काकांच्या शॉपमध्ये दोन दिवसांत होईल.