वाळूवरचा बंधारा: भिंत पक्की असली तरी पाया तपासा

महानदी धमतरी जिल्ह्यातील सिहावाच्या डोंगरात उगम पावते आणि राजिमवरून पुढे जाते. तिच्या पात्रात ठिकठिकाणी वाळूचे जाड थर आहेत. खडक खोलवर असला की एनिकट, म्हणजेच बंधारा, वाळूवरच बांधावा लागतो. छत्तीसगढमधील 'नरवा, गरुवा, घुरवा, बारी' किंवा महाराष्ट्रातील 'जलयुक्त शिवार' अशा योजनांतील छोट्या बंधाऱ्यांनाही पायाचा तोच नियम लागू होतो.

धोका केव्हा असतो?

पुरात भीती वाटते, पण पायाखालच्या झिरपण्याचा धोका बहुधा पूर ओसरल्यावर जास्त असतो. तेव्हा वरच्या बाजूला पाणी भरलेले असते आणि खालची बाजू कोरडी पडते. पातळीतील हा फरक पाण्याला पायाखालून ढकलतो. पाणी खालच्या टोकाला जोरात वर आले तर वाळूचे कण सोबत नेते. हळूहळू आत पोकळी होते आणि वरची फरशी खचते. वरून पाहणाऱ्याला मात्र भिंत धडधाकट दिसते.

उपाय काय?

ब्लाय या अभियंत्याने १९१० मध्ये सोपा हिशेब दिला. जाड वाळूत पाण्याच्या पातळीतील फरकाच्या बारा पट लांब वाट पाण्याला चालायला लावा. फरक २ मीटर असेल तर वाट २४ मीटर हवी. पण त्यात आडवी आणि उभी वाट सारखीच धरली होती. अ. ना. खोसला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ मध्ये दाखवले की पाणी जिथे बाहेर पडते तिथला जोर निर्णायक असतो. म्हणून फरशीच्या खालच्या टोकाला जमिनीत उतरणारी उभी भिंत, म्हणजे कटऑफ, असायलाच हवी. नुसती फरशी लांबवून तिचे काम होत नाही. हेच खोसला पुढे ओडिशाचे राज्यपाल झाले. महानदीवरील हिराकुड धरणाच्या आखणीतही त्यांचा वाटा होता.

वाळू उपशाचा संबंध

बंधाऱ्याच्या खालच्या बाजूची वाळू काढली की पात्र खाली जाते. पातळीतील फरक वाढतो, कटऑफवरचे वाळूचे आवरण कमी होते आणि पाण्याची वाट आखूड होते. त्यामुळे बंधारा नीट बांधलेला असूनही कमकुवत होतो. म्हणून बंधाऱ्याजवळचा उपसा हा फक्त पर्यावरणाचा प्रश्न नाही, तर तुमच्या रब्बीच्या पाण्याचाही प्रश्न आहे.

आपण काय करू शकता?

१. पाणी अडवल्यानंतर खालचे टोक पाहा. वाळू उकळल्यासारखी वर येत असेल, गढूळ पाणी झिरपत असेल किंवा फरशी खचली असेल तर सरपंच आणि जलसंपदा विभागाला लगेच लेखी कळवा. स्वच्छ पाण्याची थोडी झिरप नेहमीची असते. गढूळ झिरप हा इशारा आहे.

२. उकळणारी जागा मातीने किंवा सिमेंटने बुजवू नका. पाणी दुसरीकडून वाट काढते.

३. काम सुरू असतानाच कटऑफची खोली विचारा. काम पूर्ण झाल्यावर ती दिसत नाही.

४. माहितीचा अधिकार कायदा, २००५ नुसार नकाशा आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागता येते, कामाची पाहणीही करता येते. उत्तर साधारणपणे ३० दिवसांत मिळायला हवे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही; अर्जासोबत पुरावा जोडा.

५. बंधाऱ्याजवळ वाळू उपसा दिसला तर ग्रामसभेत ठराव मांडा आणि त्याची प्रत जिल्हा खनिज कार्यालयात द्या.