विश्लेषण : ‘देवकणा’चा फोटो खरा असतो का?

काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या वक्र रेषांचे जाळे, भोवती हिरवे-निळे ठोकळे आणि बाहेर झेपावणाऱ्या लाल रेघा. ‘देवकणाचा फोटो’ म्हणून असे चित्र मोबाइलवर फिरते. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मधील सीएमएस प्रयोगाची अशी चित्रे ज्या माहितीवरून बनतात, त्यातील बराच भाग आता सांगलीतील विद्यार्थ्यालाही मोफत मिळतो. पण चित्र वाचायचे कसे?

चित्र तयार कसे होते?
27 किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला सुमारे 4 कोटी वेळा समोरासमोर येतात. सगळी माहिती साठवणे अशक्य असते. तासगावात बेदाण्याची प्रतवारी होते, तशी ‘ट्रिगर’ यंत्रणा निवड करते आणि सेकंदाला काही हजार घटनाच ठेवते. कण कुठून गेला आणि किती ऊर्जा सोडली, एवढेच डिटेक्टर नोंदवतो. हे ठिपके जोडून संगणक चित्र काढतो. म्हणजेच हा फोटो नसून नोंदींवरून केलेली मांडणी आहे.

रंग, रेषा काय सांगतात?
रंग फक्त ओळखीसाठी दिलेले असतात. 3.8 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कणाचा मार्ग वळतो. वळण जितके जास्त, तितका संवेग कमी. वळणाच्या दिशेवरून भार धन की ऋण, ते कळते. ठोकळ्यांची उंची म्हणजे सोडलेली ऊर्जा. लाल रेघा बहुधा म्यूऑनच्या असतात.

मग देवकण कुठे दिसतो?
कुठेच नाही. हिग्ज बोसॉन तयार होताच विघटित होतो. त्यातून कधी चार म्यूऑन निघतात. पण चार म्यूऑन इतर प्रक्रियांतूनही निघतात. त्यामुळे एका चित्राने काही सिद्ध होत नाही. असंख्य घटनांच्या आलेखात 125 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ उंचवटा दिसला. निव्वळ योगायोगाने असा उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे 35 लाखांत एक इतकी कमी ठरली, तेव्हा 4 जुलै 2012 रोजी घोषणा झाली.

विद्यार्थ्यांना काय करता येईल?
मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयसर सीएमएसमध्ये सहभागी आहेत. प्रत्यक्ष नोंदी मात्र 2014 पासून सर्नच्या ‘ओपन डेटा’ पोर्टलवर टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत. ‘आयस्पाय’ हे साधन ब्राउझरमध्ये चालते. घटना फिरवून पाहता येते. थोडे पायथॉन येत असेल, तर 2011-12 च्या नोंदींतून आलेखही काढता येतो. फॉरवर्ड आलेल्या चित्रावर विश्वास ठेवण्यापेक्षा ते स्वतः तपासता येणे, हाच या खुल्या माहितीचा खरा फायदा आहे.