घडाघडा

आपल्याकडे मुलाच्या वाचनाचे कौतुक करायचे तर एकच शब्द ठरलेला आहे. 'काय घडाघडा वाचतो हो!' जणू पुस्तक म्हणजे उतार आणि मूल म्हणजे सुटलेली बैलगाडी! आता तर या घडाघडीला घड्याळही लागले आहे. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' योजनेत तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान साठ शब्द, तेही अर्थ समजून वाचावेत, असे म्हटले आहे. अपेक्षा रास्तच आहे. अक्षराअक्षराला ठेचकाळणारे मूल वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरलेले असते. पण साठ मोजता येतात, अर्थ मोजायला वेळ लागतो. म्हणून घरोघरी साठच तेवढे लक्षात राहतात.

गेल्या श्रावणात जुन्नर तालुक्यात पिंपळवंडीला माझ्या थोरल्या मावसबहिणीकडे गेलो होतो. आक्काची दोन नातवंडे, चुलत भावंडे, दोघेही चौथीत. नातू घडाघडा संप्रदायातला. गणपतीतल्या वाचनस्पर्धेत त्याचे नाव घातले होते, नातीचे नव्हते.

"ती अडते रे," आक्का म्हणाली.

अडते खरी, पण कुठे अडते हे कुणी ऐकायचे? मराठीत तर वाचणाऱ्याला अर्थ लावल्यावाचून सुटकाच नाही. 'तो गेला नाही आला' हे वाक्य घ्या. 'नाही'च्या अलीकडे थांबलात तर माणूस गेला. पलीकडे थांबलात तर घरात आला! 'जग' हा शब्द घ्या. दुनिया म्हणायची असेल तर त्यातला 'ज' एक, आणि 'सुखाने जग' म्हणताना दुसरा. लिहिण्यात दोन्ही सारखेच. योग्य 'ज' तोंडी आला की समजावे, मुलाला वाक्य कळले आहे. चुकीचा शब्द वाचून जे मूल आपण होऊन मागे फिरते, त्याला आपण कच्चे म्हणतो. मला तेच पक्के वाटते. काहीतरी बिनसले हे त्याच्या कानाला कळलेले असते.

अमेरिकेत १९९२ साली चौथीच्या मुलांचे वाचन ऐकून चार पायऱ्या ठरवल्या होत्या. सुट्या शब्दांची वाट पाहणारे सर्वांत खाली; अर्थाचे मोठे तुकडे पाडून, बोलल्यासारखे वाचणारे सर्वांत वर. हातवाऱ्यांना तिथे गुण नव्हते. आपल्या स्पर्धांतून डोळे वटारून वाचणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पाठ्यपुस्तकातले धडे दोघांनाही पाठ होते, आणि पाठ असलेल्या धड्यावर परीक्षा घेणे व्यर्थ. (जवळच आळ्याला ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आहे, पण तो चमत्कार माउलींचा होता, आपण नातवंडांकडून त्याची अपेक्षा धरू नये.) म्हणून मी त्या दिवशीचे वर्तमानपत्र पुढे केले. शेजारच्या गावात बिबट्याने गोठ्यातले वासरू उचलल्याची बातमी होती. नातवाने ती एका दमात संपवली. आक्का शेंगा सोलत होती, ती सोलतच राहिली.

मग नातीने वाचली. 'वनखात्याने' या शब्दापाशी अडली, मागे गेली, पुन्हा वाचले. 'अंधार पडताच' म्हणून क्षणभर थांबली. आवाज चढवला नाही, उलट थोडा उतरवला. बातमी संपायच्या आतच आक्काने शेंगांचे सूप बाजूला सारले, अंगणातली शेळी सोडून पडवीत आणली आणि दाराला कडी घातली.

"आजी," नातू कुरकुरला, "मी पण हेच वाचलं होतं की!"