इद्दत संपली, बहिष्कार कधी संपणार?

ऑगस्ट २०१९. तिहेरी तलाकविरोधी कायदा लागू झाल्यावर महाराष्ट्रातला पहिला गुन्हा मुंब्रा पोलीस ठाण्यात नोंदवला गेला. कॅमेरे आले, चर्चा झडल्या. तो कायदा बरोबर की चूक, यावर आपण आजही तावातावाने भांडतो. पण तलाक किंवा खुला झाल्यावर लेकरू घेऊन मुंब्रा-कौसा, राबोडी, भिवंडी किंवा कल्याणमध्ये राहणारी बाई पुढे कुणासोबत हसते-बोलते, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही.

तलाकनंतरची इद्दत तीन मासिक पाळ्यांची, विधवेची चार महिने दहा दिवसांची. कुरआनने मुदत घातली, म्हणजे शेवटही ठरवून दिला. आपण मात्र ती जन्मभर लांबवली. भाड्याची खोली बघायला गेली की पहिला प्रश्न, "घरात मर्द कोण?" जुन्या मैत्रिणी तुटतात. वलीम्याचं निमंत्रण तिच्या अम्मीच्या नावाने येतं. ठाण्याहून कामावरून परतायला नऊ वाजले की गल्ली हिशेब ठेवते. आणि ईदच्या सकाळी सात वर्षांचा पोरगा नवा कुर्ता घालून दारात उभा राहतो, नमाजला नेणारं कुणी नसतं.

हे सारं दीनच्या नावाने चालतं. मग हजरत हाजरा कोण होत्या? ओसाड खोऱ्यात तान्ह्या इस्माईलला घेऊन एकट्या राहिलेली आई. त्यांच्या धावपळीची आठवण म्हणून प्रत्येक हाजी सफा-मरवा दरम्यान सात फेऱ्या घालतो. हजरत खदीजा विधवा होत्या, मुलांच्या आई होत्या, व्यापार करत होत्या. पैगंबरांकडे निकाहचा प्रस्ताव त्यांच्याच बाजूने गेला. त्यांचा आदर करायचा आणि शेजारच्या एकट्या आईकडे पाठ फिरवायची, हा दुटप्पीपणा आहे.

"तिचं दुसरं लग्न लावून द्या ना!" हे ठरलेलं उत्तर. निकाह करायचा की नाही, ते ती ठरवेल. पण "मुलांना नानीकडे ठेवा" अशी अट घालून येणारं स्थळ म्हणजे उपकार नव्हे. आणि माणसांत बसण्यासाठी आधी नवरा हवा, हे कुठे लिहिलंय?

"मोठ्यांनी ठरवलंय, आम्ही काय करणार?" असं तरुणांनी तरी म्हणू नये. मुंब्र्याच्या मुलींनीही फुटबॉल खेळायला मैदानात जागा मागितलीच. आवाज-ए-निस्वानने मुंब्र्यातच 'रहनुमा' ग्रंथालय उभं केलं, तिथे बायका-मुली बसतात, वाचतात, बोलतात. अशा जागा प्रत्येक मोहल्ल्यात का नाहीत? बायकोच्या मैत्रिणीला घरी यायला मज्जाव करणारा नवरा मोठ्यांपैकी नसतो, आपल्याच वयाचा असतो.

येत्या ईदला त्या पोराचा हात धरून त्याला नमाजला घेऊन जा. परतल्यावर त्याच्या आईलाही शीरखुर्म्याला बोलवा, तिच्या स्वतःच्या नावाने.